कपाटाचा वरचा कप्पा



आजचे चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७ वा, श्लोक २०. सोबत २१ आणि २२ हे दोनही वाचावेत, कारण हे तीन श्लोक एकत्रच उमगतात.

श्लोक ज्याने त्याने आपापल्या पोथीतून वाचून घ्यावा. अर्थ थोडक्यात असा. देणे हे माझे कर्तव्यच आहे, या भावनेने जे दिले जाते, जो उलट आपल्यावर काही उपकार करणार नाही त्याला दिले जाते, आणि योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिले जाते, ते सात्त्विक दान. पुढच्या श्लोकात राजस दान आहे: परतफेडीच्या आशेने किंवा मनात कुरकुर ठेवून दिलेले. आणि २२ व्या श्लोकात तामस दान आहे: नको त्या जागी, नको त्या वेळी, मान न ठेवता, समोरच्याला तुच्छ लेखून दिलेले.

हे तीन श्लोक मी कितीतरी वेळा वाचले असतील. अकरावीत असताना अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमच्या गल्लीत गीतेचा वर्ग चालायचा, तेव्हा तर पाठ होते. पण मला ते पहिल्यांदा कळले ते गेल्या वर्षी, एका उसाच्या फडाशेजारी, हातात स्वेटरची पिशवी घेऊन उभा असताना. आज तेच सांगतो.

परवा महाशिवरात्र झाली. आपल्याकडे म्हणतात, शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते. साताऱ्यात ती जरा रेंगाळते, महाबळेश्वराकडून वारं आलं की पहाटे अजून शाल लागते. पण दुपारचं ऊन तापायला लागलं की घरोघरी एक काम निघतं: स्वेटर, शाली, कानटोप्या, मोजे धुऊन, वाळवून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ढकलायचे. आमच्याकडेही गेल्या वर्षी हे काम निघालं. बायको म्हणाली, "कप्पा बंद होत नाहीये. काही तरी कमी करा."

मी स्टूल घेऊन चढलो. सगळं खाली काढलं तर एकवीस स्वेटर निघाले. घरात माणसं चार. आई, मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी. चार माणसांना एकवीस स्वेटर, आणि राहतो कुठे तर साताऱ्यात, काश्मिरात नव्हे!

आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक रचना असते, तिला स्टॅक म्हणतात. ताटांची चळत समजा. जे शेवटी ठेवलं ते आधी निघतं, आणि जे आधी ठेवलं ते तळाशी राहतं. वरून ठेवत आणि वरूनच काढत राहिलात तर तळाचं ताट कधीच हाताला लागत नाही. आमचा कप्पा तसाच होता. वरचे चार-पाच स्वेटर दर वर्षी अंगावर यायचे, बाकीच्यांना वर्षानुवर्षं ऊन नाही की वारा नाही. मुलीचे दोन वर्षांच्या वयातले स्वेटर त्यात होते. मला लग्नात मिळालेला एक होता, एकदाही न घातलेला. आणि अगदी तळाशी, जुन्या पंचात गुंडाळलेला, अण्णांचा मरून रंगाचा स्वेटर होता. आईने हाताने विणलेला, खऱ्या लोकरीचा. अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तो मी जसाच्या तसा परत ठेवला. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

बाकीच्यांतून मी भराभर एक पिशवी भरली. कशाने भरली ते प्रामाणिकपणे सांगतो. ज्याची चेन अडकते तो, ज्याच्या कोपराला गोळे आलेत तो, बाही सैल पडलेला, दोन बटणं गेलेला, चहाचा डाग न निघालेला. लग्नातला नवा कोरा स्वेटर हातात घेतला आणि परत कपाटात ठेवला. म्हटलं, असू दे, लागेल कधी तरी.

पुढच्या रविवारी सासुरवाडीला सांगलीला जायचं होतं. मेहुण्याची शेती वाळवा तालुक्यात आहे, उसाची. त्याच्या रानाशेजारी ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. बीडकडची टोळी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या आसपास ही माणसं मराठवाड्यातून, नगरकडून बायकापोरांसह निघतात आणि कृष्णाकाठच्या कारखान्यांसाठी ऊस तोडायला येतात. आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या जत, आटपाडी, माणसारख्या कोरडवाहू भागातूनही जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. आधी उचल घेतलेली असते आणि ती सीझनभर तोडणी करून फेडायची असते. चार-पाच महिने बांबू, चटई आणि ताडपत्रीच्या कोपीत राहायचं. पहाटे अंधारात फडात जायचं. गाडी भरायची वेळ रात्रीची आली तर रात्री भरायची. नदीकाठच्या रानात डिसेंबरच्या पहाटे काय गारठा असतो, ते कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको.

तर मी पिशवी घेऊन गेलो. मार्च संपत आला होता, दुपारचे चार वाजले होते. कपाळावरून घाम निथळत होता. एक ताई भांडी घासत होत्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. मी म्हटलं, "ताई, स्वेटर आणलेत, घ्या."

त्यांनी हात पदराला पुसले, पिशवी घेतली, आतलं वरवर बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "दादा, थंडी गेली की आता. आमचं बी आठ दिवसांत निघायचं चाललंय. गाडीत जागा नाय." थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "पौषात आणली असती तर बरं झालं असतं. बारकं लय खोकलं या वर्षी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. एखाद्याला पत्ता चुकला म्हणून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात ते बारकं पोर बाहेर आलं, तीन वर्षांचं असेल. त्याने पिशवीतून माझ्या मुलीचा जुना पिवळा स्वेटर ओढला आणि त्याची चेन वर ओढायला लागला. ती अडकलेलीच होती. तो ओढतोय, ओढतोय. शेवटी ताईंनी त्याच्या हातातून तो हलकेच काढून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

मंडळी, त्या क्षणी मला २२ वा श्लोक आठवला. तो पाठ होता म्हणून आठवला, पण दुसऱ्या कोणाबद्दलचा म्हणून नाही. वेळ चुकलेली, मान न ठेवता भरलेली पिशवी, आणि माझ्या मनात मात्र "आज काही तरी चांगलं केलं" हा भाव. तामस दानाची व्याख्या मी हातात धरून उभा होतो.

परत येताना गाडीत मला कठोपनिषदाची सुरुवात आठवत राहिली. वाजश्रवस नावाचा ऋषी यज्ञ करतो आणि त्यात सर्वस्व दान करायचं ठरवतो. पण दान द्यायला गायी कोणत्या आणतो? ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध आटलंय आणि वासरू होण्याचं वय गेलंय अशा. म्हणजे ज्या ठेवणंच खर्चाचं झालंय अशा. लहानगा नचिकेता हे बघतो. उपनिषद सांगतं की त्याच्यात तेव्हा श्रद्धा शिरली. आणि तो बापाला विचारतो, मला तुम्ही कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला दिला.

आपण नेहमी पुढचा भाग वाचतो: यमाचं घर, तीन वर, आत्मविद्या. पण सगळी कथा सुरू होते ती त्या म्हाताऱ्या गायींपासून. नचिकेत्याचं म्हणणं साधं आहे. सगळं देतो म्हणालात ना? मग जे तुमच्या कामाचं आहे, जे तुमचं लाडकं आहे, त्याचं काय? आणि गीतेचा १७ वा अध्याय कशाचा? श्रद्धात्रयविभागयोग. तीन प्रकारच्या श्रद्धेचा. म्हणजे दान कसं दिलं हे शेवटी श्रद्धा कशी आहे यावर येतं. माझी पिशवी म्हणजे वाजश्रवसाच्या गायीच होत्या. कप्पा रिकामा करण्याच्या कामाला मी दान हे नाव दिलं होतं.

आता या श्लोकातले तीन शब्द जरा नीट बघू: देश, काळ, पात्र.

आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखी पुण्यभूमी, काळ म्हणजे संक्रांतीसारखा पर्वकाळ, आणि पात्र म्हणजे वेदविद्येत पारंगत असा विद्वान, असा अर्थ दिला आहे. तो त्या काळाचा अर्थ. पण दुसरीकडे, १० व्या आणि १६ व्या अध्यायात 'दान' हा शब्द येतो, तिथे आचार्यच त्याचा अर्थ 'यथाशक्ती संविभाग' असा करतात. संविभाग म्हणजे नीट वाटणी. विनोबांनी भूदानाच्या काळात, म्हणजे १९५१ नंतर, गावोगावी हाच अर्थ सांगितला. दान म्हणजे भीक नव्हे, उपकार नव्हे, समान वाटणी. (विनोबा तरुणपणी आपल्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले होते, हे सातारकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावं.) वाटणी म्हटलं की सगळंच बदलतं. भावाच्या वाटणीला कोणी मोडकी चेन घालत नाही. आणि भावाची वाटणी त्याला उपयोग संपल्यावर देत नाही.

संक्रांतीचंच बघा. संक्रांत येते ती ऐन थंडीत. तीळ-गूळ, बाजरीची भाकरी, सगळं अंगात ऊब आणणारं. मला वाटतं, पर्वकाळात द्या म्हणताना आपल्या पूर्वजांनी पंचांग आणि गरज एकाच ठिकाणी आणून ठेवली आहे. लोकरीच्या दानाचा पर्वकाळ म्हणजे थंडीच्या आधी आणि थंडीत. आणि आपण कपाट आवरतो ते मात्र थंडी संपल्यावर! सगळी गफलत इथेच आहे. द्यायचं सुचतं ते आपल्याला अडचण होते तेव्हा, समोरच्याला अडचण असते तेव्हा नाही.

मग काय करायचं? मार्चमध्ये देऊ नये, तर कपाट आवरूच नये? नाही. मला उमगलं ते असं की दानाची सुरुवात मार्चमध्येच होते, फक्त हात पुढे करायचा तो मार्गशीर्षात. मधले आठ-नऊ महिने आपण ती वस्तू दुसऱ्याची म्हणून सांभाळायची. हे साठवणं निराळं. आपली चीज ठेवणं आणि दुसऱ्याची अमानत ठेवणं यात जो फरक आहे तो.

अमानत कशी ठेवायची ते आईकडून शिकलो. तिचा सगळा भर धुण्यावर. लोकरीला लागते ती कसर म्हणजे खरं तर एका बारीक पतंगाची अळी. उडणारा पतंग काही खात नाही, खाते ती अळी, आणि तिला घामाचा, तेलाचा, अन्नाचा अंश असलेली लोकर जास्त आवडते. म्हणून "दोनदाच घातलाय, धुवायला कशाला" असं म्हणून ठेवलेला स्वेटर आधी जातो. कोमट पाण्यात, सौम्य साबणात धुवायचा, पिळायचा नाही, पंचात गुंडाळून दाबायचा, आडवा पसरून वाळवायचा. हँगरला टांगायचा नाही, स्वतःच्याच वजनाने लोंबतो. पूर्ण वाळल्यावर सुती कापडात बांधायचा, कारण पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकली की बुरशी आलीच. कडुलिंबाचा पाला वाळवून ठेवावा. लहान बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी अजिबात ठेवू नये, तिच्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं एकदा बाहेर काढून झटकायचं. कसरीला अंधार आणि शांतता लागते. हलवाहलव तिला सोसत नाही.

माझ्या आजोबांचं घोंगडं होतं, माणदेशी, काळं, चिंचोक्याची खळ दिलेलं, हाताला कडक लागायचं. त्याला कधी कसर लागलेली मी पाहिली नाही. कारण ते कधी कपाटात गेलंच नाही. दिवसा अंथरायला, रात्री पांघरायला, पावसात डोक्यावर, धान्य वाळत घालायला तेच. पाहुणा आला की त्याच्या अंगावर तेच. एकच होतं आणि सतत कोणाच्या तरी कामी होतं.

आता अण्णांच्या स्वेटरबद्दल.

या दिवाळीनंतर, ठरवल्याप्रमाणे, कार्तिकात कप्पा उघडला. तळाचा पंचा सोडला. मरून स्वेटरच्या डाव्या बाहीला आणि गळ्याशी भोकं पडली होती. कसर. बाकी कशालाच लागली नव्हती, कारण बाकीचे बहुतेक ॲक्रिलिकचे. खरी लोकर तेवढीच, आणि न धुतलेला तेवढाच. तो आईने मुद्दामच धुतला नव्हता. अण्णा चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाताना तो घालायचे. त्याला त्यांचा वास होता. तो वास जाऊ नये म्हणून तिने तो तसाच गुंडाळून ठेवला होता. आणि कसर नेमकी त्या वासालाच आली.

मला काय बोलावं कळेना. आईने तो मांडीवर घेतला, भोकातून बोट घातलं, आणि बराच वेळ तशीच बसली. मी म्हटलं, "आई, ठेवू या तसाच." ती म्हणाली, "ठेवलेलाच तर होता."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिने तो धुऊन गच्चीवर चादरीवर पसरला होता. तीन दुपारी बसून तिने भोकं रफू केली. त्याच रंगाची लोकर मिळाली नाही, थोडी गडद मिळाली, ठिगळं दिसतात. मला वाटलं, आता ही तो कोणाला तरी देणार. मनातून मला ते नको होतं, खरं सांगतो. पण चौथ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात आई अण्णांचा स्वेटर घालून चहा टाकत होती. बाह्या दुमडलेल्या.

आणि तेव्हा मला लख्ख दिसलं, की ही बाई दोन हिवाळे त्याच स्वयंपाकघरात, त्याच पहाटे, एका विटक्या शालीत कुडकुडत उभी होती. ऊब दहा पावलांवर कपाटात होती. आणि मी, गीता वाचणारा तिचा मुलगा, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पात्र शोधायला मी वाळव्यापर्यंत गेलो होतो. पहिलं पात्र घरातच थंडीने हात चोळत होतं.

म्हणून 'पात्र' या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ असा: ज्याला ती गोष्ट आत्ता लागते आहे, तो. आणि ते ओळखायला आधी बघावं लागतं. विचारावं लागतं.

मार्गशीर्षात आम्ही परत त्या रानाकडे गेलो. या वेळी आधी हात हलवतच गेलो, आदल्या आठवड्यात, नुसतं विचारायला. संध्याकाळी, माणसं फडातून परतल्यावर. तिथल्या एक मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "स्वेटर घालून ऊस कुठं तोडता येतो? पाचट अडकतंय लोकरीत. आमाला गड्यांचे जुने फुल बाहीचे शर्ट द्या, साडीवर घालायला. स्वेटर पोरांना द्या, रातच्याला." हे मला कधी सुचलं असतं का? इतकी वर्षं सांगलीच्या रस्त्यावर साडीवर शर्ट घातलेल्या बायका बघतोय, आणि तो शर्ट कशासाठी असतो हे कधी विचारलं नव्हतं. उसाच्या पात्याने हात कापतात म्हणून.

मग आम्ही तसं केलं. माझे सहा शर्ट, बटणं तपासून. पोरांचे स्वेटर, चेन दुरुस्त करून, धुऊन. दोन ब्लँकेट नवी. आणि लग्नातला तो कोरा स्वेटर, तो मावशींच्या थोरल्या मुलाला अगदी बरोबर बसला. फोटो काढले नाहीत. मुलगी सोबत होती, तिनेच स्वतःच्या हाताने पोरांना स्वेटर दिले आणि मग त्यांच्याबरोबर खेळत बसली.

गेल्या वर्षीच्या त्या ताई मात्र भेटल्या नाहीत. टोळी वेगळी होती. कोणाला त्या माहीतही नव्हत्या. त्यांची माफी मागायची राहून गेली, आणि आता ती बहुधा राहणारच. ज्या पौषात त्यांचं पोर खोकत होतं तो पौष परत येणार नाही. काळ या शब्दाचा हा अर्थ फार टोचतो. द्यायची वेळ गेली की मग नुसती वस्तू उरते.

हे लिहिलं ते स्वतःचं कौतुक म्हणून नाही. सहा शर्टांनी कोणाची उचल फिटत नाही, कोणाच्या पोराची शाळा सुरू होत नाही. तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. पण गीता मला माझ्या कपाटापासून सुरुवात करायला सांगते, आणि तिथे कारण सांगायला जागा नाही.

आजचा संकल्प. या आठवड्यात तुमच्याकडेही वरचा कप्पा आवरायला निघेल. तेव्हा तीन चळती करा.

पहिली, घरातल्यांची. प्रत्येकाला विचारून. घरात कोण थंडीत कशावर भागवतंय ते आधी बघा, विशेषतः जी माणसं मागत नाहीत ती.

दुसरी, अमानतीची. यात निदान एक तरी वस्तू अशी असू दे जी ठेवून घ्यावीशी वाटते आहे. धुवा, रफू करा, बटणं लावा, सुती कापडात बांधा आणि वर कागद लावा: 'कार्तिकात काढणे'. मोबाईलमध्ये आठवण लावलीत तरी चालेल, आम्ही लावली आहे.

तिसरी, जे खरोखरच घालण्यासारखं राहिलं नाही ते. त्याची पायपुसणी करा, उशीत भरा. पण ते कोणाला 'दान' म्हणून देऊ नका.

प्रार्थना. हे पांडुरंगा, तू विटेवर हात कमरेवर ठेवून उभा आहेस, काही साठवलेलं नाहीस. आमच्या कपाटात जे आमचं म्हणून पडून आहे, ते कोणाचं आहे ते आम्हाला वेळेवर दिसू दे. देताना आमचा हात वर नको, डोळे खाली असू देत. आणि ज्यांच्याकडे आम्ही उशिरा पोचलो, त्यांच्या पोरांना तू तरी वेळेवर पांघरूण घाल.

उद्या याच अध्यायातला २३ वा श्लोक घेऊ.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥